वाळूशी कुस्ती नको: कोल्हापुरातून थरच्या वाळवंटात पहिली माउंटन बाइक सहल

कोल्हापूरचा माणूस सायकलवर बसला की आधी जोर लावतो. चढ पन्हाळ्याचा असू दे नाहीतर जोतिबाचा, दात-ओठ खाऊन पेडल मारायचं आणि वर पोचल्यावर "काय न्हाय, सहज आलतो" म्हणायचं. ही रग घेऊनच मी पहिल्यांदा जैसलमेरला गेलो. वाळूच्या टेकडीला तिकडे धोरा म्हणतात. पहिल्याच धोऱ्यावर पुढचं चाक रुतलं. मी हँडल आणखी घट्ट आवळलं, आणखी जोर लावला आणि सरळ तोंडावर आपटलो. वाळूच ती, त्यामुळे लागलं काही नाही, पण दातात दोन दिवस कचकच होती. मागून गाईड आला. त्यानं सायकल उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "ताकत मत लगाओ सा, रेत मानती नहीं."

रंकाळ्याच्या फेऱ्या मारून कंटाळलेले आणि पन्हाळा एकदा तरी न उतरता चढलेले पुष्कळ जण आता विचारतात, वाळवंटात जायचं म्हटलं तर तयारी काय करायची? त्यांच्यासाठी हे लिहितोय. गाईडबरोबरच जा, हे गृहीत धरलंय. पहिल्या वेळी एकट्यानं जायचा विचार असेल तर तो सोडून द्या.

आधी वाळवंट समजून घ्या

आपल्या डोक्यातलं वाळवंट बहुधा दोन ठिकाणांहून आलेलं असतं: उंटाच्या रांगेचा फोटो, नाहीतर अमेरिकेतल्या मोआबचा व्हिडिओ. मोआब हे युटा राज्यातलं गाव, माउंटन बाइकवाल्यांची पंढरीच. तिथे सायकल चालते ती उघड्या वालुकाश्मावर. हा खडक कोरडा असला की टायर त्याला चिकटून चालतो आणि भिंतीसारखे वाटणारे चढही चढता येतात. जवळच्या कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानात व्हाइट रिम नावाचा साधारण १६० किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे. १९५०च्या दशकात युरेनियमच्या शोधासाठी तो काढला. आज लोक तो तीन-चार दिवसांत सायकलवर पूर्ण करतात, परवाना काढून आणि सोबत सामानाची गाडी घेऊन. कारण वाटेत पिण्याच्या पाण्याची सोय कुठेच नाही. तिथल्या मातीवर शेवाळ आणि सूक्ष्मजीवांची काळपट खपली असते. ती एकदा तुडवली तर पुन्हा धरायला वर्षानुवर्षं जातात, म्हणून वाट सोडून पाऊल टाकायचं नाही हा तिकडचा पहिला नियम.

थर यापेक्षा वेगळा. जैसलमेरच्या आसपास नुसती वाळू असेल ही समजूत पहिल्या तासातच मोडते. बराचसा मुलूख मुरमाड, खडीचा, मधूनच दगडी. त्याला तिकडे मगरा म्हणतात. आळत्याजवळच्या रामलिंग-धुळोबाच्या डोंगरावर सायकल घातली असेल तर मगऱ्याची चव तुम्ही आधीच घेतली आहे. मग मध्येच वाळू भरलेली गाडीवाट लागते, मध्येच खडीन. खडीन म्हणजे उतारावरून येणारं पावसाचं पाणी बांध घालून अडवायचं आणि त्या ओलीवर पीक घ्यायचं अशी जुनी शेती. आणि अधूनमधून धोरे. सम आणि खुरीचे धोरे प्रसिद्ध आहेत खरे, पण सायकलच्या सहलीत त्यांचा वाटा फोटोपुरताच असतो. दिवसभर झगडायचं असतं ते गाडीवाटेतल्या घोटाभर भुसभुशीत वाळूशी. पाऊस जैसलमेरला वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरच्या आतच. आपल्या गगनबावड्याला भर पावसाळ्यात एखाद्या दिवसात तेवढा पडून जातो.

पैसे भरण्याआधी विचारायच्या गोष्टी

सहल नेणाऱ्याला फोन करून बोला, नुसत्या मेसेजवर ठरवू नका. पहिला प्रश्न पाण्याचा. सोबत गाडी आहे का, ती दिवसभर मागे असते की फक्त मुक्कामाला भेटते, आणि माणशी किती पाणी धरलंय? यावर "पानी की कोई टेंशन नहीं" एवढंच उत्तर आलं तर पुढे जाऊ नका. मग विचारा, रोजचे किलोमीटर किती आणि त्यातली वाळू किती. हा दुसरा भाग कुणी आपणहून सांगत नाही. डांबरी रस्त्यावरचे ५० किलोमीटर आणि वाळूतले २० यांत मला विसाच्या दिवशी जास्त झोप लागली होती. नवख्यानं रोज २५ ते ४० किलोमीटरच्या वर जाऊ नये, असं माझं मत आहे.

गाईड दोन हवेत, एक पुढे आणि एक सगळ्यात मागे. दहा-बारा जणांमागे एकच गाईड असेल तर मागचा माणूस चुकणार हे ठरलेलं. वाळवंटात वाटा फुटत राहतात आणि सगळ्या सारख्याच दिसतात.

भाड्याची सायकल घेणार असाल तर तिच्या मापाचा आणि ब्रेकचा सध्याचा फोटो मागवा. माझ्या दुसऱ्या सहलीत एका आयोजकानं जाहिरातीत एक सायकल दाखवली आणि हातात दुसरीच दिली. मागच्या ब्रेकचं पॅड झिजून लोखंडाला लोखंड लागत होतं. पहिला अर्धा दिवस पॅड बदलण्यात गेला, तेही आमच्यातल्याच एकानं घरून आणलेलं. तेव्हापासून पॅडची एक जोडी माझ्या पिशवीत असतेच.

जायचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबरात दुपारी पंचवीसच्या आसपास आणि रात्री दहाच्या खाली, असा दोन्हींकडून मार असतो. मार्चमध्ये ऊन वाढतं, आणि त्यानंतर लू, म्हणजे भाजून काढणारा गरम वारा, वाहायला लागली की सायकलचं नाव काढू नये. माघ पौर्णिमेच्या सुमारास तिकडे मरू महोत्सव भरतो. समला तेव्हा जत्रा असते. गर्दी आवडत नसेल तर ते दिवस टाळा.

सायकल: आपली की भाड्याची

पहिल्या वेळी भाड्याची घ्या. आपली सायकल तिकडे न्यायची, आणायची आणि मग तिच्यातली वाळू काढायची, हा सगळा खटाटोप दुसऱ्या वेळेसाठी ठेवा. मात्र सीट, पेडल आणि हेल्मेट आपलंच न्या. परक्या सीटवर तिसऱ्या दिवशी काय हाल होतात ते इथे लिहीत नाही. पेडल काढताना एक लक्षात ठेवा: डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवलं की सुटतं. आमच्यातल्या एकानं चुकीच्या दिशेनं जोर लावून पाना वाकवला होता. पुन्हा तोच जोर.

आपली न्यायचीच असेल तर पुढे सस्पेन्शन असलेली हार्डटेल पुरते, दोन्हीकडे सस्पेन्शन असायची गरज नाही. टायर किमान सव्वादोन इंच रुंद हवेत. चारेक इंची टायरच्या फॅटबाइक धोऱ्यावर मजा आणतात, पण मगऱ्यावर दिवसभर ओढायला जड जातात. मागचा गिअर ज्या कानावर टांगलेला असतो तो हँगर सायकल पडली की वाकतो, आणि प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. जैसलमेरात तो मिळेल या भरवशावर राहू नका. एक सुटा घेऊन ठेवा.

चेनला आपण पावसाळ्यात घालतो ते ओलं, चिकट तेल तिकडे घालू नका. त्यावर वाळू बसते आणि चेन गिअर घासून खाते. कोरडं किंवा मेणाचं वंगण घ्या. रोज संध्याकाळी चेन आधी फडक्यानं कोरडी पुसा, मग थेंब-थेंब घाला, आणि जास्तीचं पुन्हा पुसून काढा. गाडीचं इंजिन ऑइल, घरातलं गोडंतेल असले प्रयोग करणारे दरवेळी एक-दोन जण निघतातच.

दोन महिन्यांचा सराव, इथल्या इथे

डिसेंबरात जायचं तर दसऱ्याच्या आधीपासून लागा. पहिले तीन आठवडे फक्त बैठक वाढवायची. आठवड्यातून तीन दिवस तास-दीड तास, आणि रविवारी केर्लीवरून जोतिबा नाहीतर वाघबीळवरून पन्हाळा. इथे एक शिस्त पाळा. चढ उभं राहून मारायचा नाही. हलका गिअर, बसून, एका लयीत, शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच दमात. सुरुवातीला लाज वाटेल, कारण दूध घालायला निघालेला एखादा साध्या सायकलवरचा माणूस तुम्हाला मागे टाकून जाईल. जाऊ द्या त्याला.

पुढचे तीन आठवडे डांबर सोडा. पन्हाळ्यावरून म्हाळुंग्याच्या बाजूनं मसाई पठारावर जाता येतं. सपाट, उघडं, जांभ्या खडकाचं पठार आणि वाऱ्याला आडोसा नाही. वाळवंटातला वारा अंगावर कसा येतो ते कळायला याहून चांगली जागा जवळपास नाही. मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरात पठार फुलांनी भरलेलं असतं. तेव्हा मळलेली वाट सोडू नका, टायरखाली गेलेलं फूल बी धरत नाही. दुसरा मार्ग रामलिंग-धुळोबाचा, मुरमासाठी. मुरमावर मागचं चाक सरकतं ते सरकू द्यायचं, घाबरून ब्रेक दाबायचा नाही, एवढं अंगवळणी पडलं तरी पुष्कळ झालं.

शेवटचे दोन आठवडे सलग दोन दिवस सायकल मारा. शनिवारी ४०, रविवारी पुन्हा ४०. सहलीत खरा कस लागतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी, दुखऱ्या अंगानं पुन्हा सीटवर बसताना.

आणि सावध राहा. याच दिवसांत गळीत हंगाम सुरू होतो. पहाटेच्या अंधारात उसाच्या ट्रॉल्या बहुतेक वेळा मागे दिवा नसताना चालतात. मागच्या ट्रॉलीतून लोंबणारा ऊस चेहऱ्याच्या उंचीवर येतो. उजाडल्याशिवाय मोठ्या रस्त्याला लागू नका.

वाळू, म्हणजे मुख्य गोष्ट

कोल्हापुरात वाळू सरावाला कुठे मिळणार? पंचगंगेच्या काठावर जे आहे तो गाळ. खरी वाळू कोकणात. एक शनिवार-रविवार घाट उतरून मालवण नाहीतर रत्नागिरीकडे जा. किनाऱ्यावर तीन पट्टे असतात: पाण्याजवळचा ओला आणि कडक, मधला ओलसर, आणि वरचा सुका, भुसभुशीत. ओल्यावरून सुरुवात करून हळूहळू वर सरका. सुक्या पट्ट्यात पन्नास पावलं न उतरता गेलात की थरला जायला तयार झालात. घरी आल्यावर सायकल गोड्या पाण्यानं धुवा. खारं पाणी चेनचा रात्रीत गंज करतं. कोकण जमत नसेल तर ऊस निघाल्यावर नांगरलेलं एखादं ओळखीचं रान बघा. मालकाला विचारून. ढेकळात वाळूइतकी लवचीकता नसते, पण चाक रुतल्यावर काय करायचं ते कळतं.

काय करायचं ते आता नीट सांगतो.

पहिली गोष्ट हवा. डांबरावर आपण टायर दगडासारखा टणक ठेवतो. वाळूत टायर पसरला पाहिजे. सत्तरेक किलोचा माणूस, सव्वादोन इंची ट्यूबलेस टायर, मगऱ्यावर २५च्या आसपास पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असेल तर सलग वाळूत १६ ते १८वर आणा. ट्यूब असेल तर विसाच्या खाली जाऊ नका. नाहीतर दगडावर टायर आपटून ट्यूब रिमच्या दोन्ही कडांत चेपते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. छोटा हवा-मापक सोबत ठेवा, अंगठ्यानं दाबून अंदाज घेण्यात मी दोन ट्यूब घालवल्यात. वाळू संपून खडी लागली की पुन्हा हवा भरायची. कंटाळा येतो, पण भरायची.

दुसरी गोष्ट गिअर. वाळू दिसल्याबरोबर, आत शिरायच्या आधी, गिअर हलका करा. आत गेल्यावर बदलायला गेलात तर चेन कडकडते, लय तुटते आणि चाक थांबतं. थांबलेलं चाक वाळूत पुन्हा सुरू होत नाही. उतरून ढकलत कडक जमिनीवर न्यायचं आणि तिथून निघायचं.

तिसरी गोष्ट बसणं. वजन मागे घ्या, सीटच्या टोकावरून जरा मागे सरका. पुढचं चाक हलकं राहिलं की ते वाळूवरून तरंगत जातं, वजन आलं की नांगरासारखं आत घुसतं. पाय मात्र फिरत राहिले पाहिजेत, धक्के न देता, गोल.

आणि चौथी गोष्ट हात. ही सगळ्यात अवघड, निदान आपल्या लोकांना. वाळूत पुढचं चाक आपोआप डावी-उजवीकडे वळवळतं. ते सरळ धरायचा प्रयत्न केला की तुम्ही पडणार. हँडल इतकं सैल धरा की तळहातात एखादं चिमणीचं पिल्लू आहे. चाक वळवळू द्या, तुम्ही दहा-पंधरा पावलं पुढे बघा, सायकल तिकडे जाते. वळायचं असेल तर हँडल न फिरवता अंग कलवा, गुडघा त्या बाजूला उघडा. पुढचा ब्रेक विसरून जा. माझा गाईड वाळू लागली की हँडलवरची बोटं एक-एक करून उचलून पियानो वाजवल्यासारखी हलवायचा, मागच्यांना दिसावं म्हणून. त्याला मी पहिल्या दिवशी हसलो होतो. तिसऱ्या दिवशी मीही तसंच करत होतो.

कुठे चालवायचं हेही बघा. जीपच्या दोन्ही चाकोऱ्यांतली वाळू घुसळून मऊ झालेली असते. बऱ्याचदा मधला उंचवटा किंवा कडेचा गवताळ भाग कडक असतो. धोऱ्यावर वाऱ्याकडची बाजू दाबलेली आणि कमी उताराची, आडोशाची बाजू सैल आणि उभी. चढायचं वाऱ्याकडून. सकाळी दवानं वाळूची वरची कातडी जरा आवळलेली असते, दुपारी ती सुटते. म्हणून शहाणे गाईड वाळूचा भाग सकाळी उरकतात.

गाड्यांच्या रहदारीनं काही कच्च्या वाटांवर पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडतात. तिथे हळू गेलं की हाडं खिळखिळी होतात. सीटवरून किंचित उठून, गुडघे-कोपर सैल सोडून, जरा वेगानं जा.

काटे

वाळूपेक्षा जास्त लोकांना काट्यांनी रडवलंय. मी पहिल्या सहलीत एका दुपारी सहा पंक्चर काढले.

सराटा आपल्याकडे रानात-माळावर दिसतो तोच. जमिनीवर पसरलेली वेल, पिवळं फूल आणि कसंही पडलं तरी एक टोक वर राहील असं काटेरी फळ. भुरट नावाचं गवत तिकडचं खास. त्याची बोंडं मोज्यांना, बुटांच्या नाडीला, सॅकला अशी चिकटतात की रात्री काढत बसावं लागतं. दुष्काळात लोक त्याचं बी दळून खायचे, असं तिकडे सांगतात. तिसरी आपली ओळखीची वेडी बाभूळ. तिचे काटे बोटभर लांब असतात आणि बुटाचा तळही सोडत नाहीत.

उपाय म्हणजे ट्यूबलेस टायर आणि आत भरपूर सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव, एका टायरला शंभर मिलिलिटरच्या आसपास. सीलंट कोरड्या हवेत लवकर सुकतं, तेव्हा निघायच्या आठवड्यात नवीन घाला. टायरमध्ये काटा दिसला तर तो उपटायची घाई नको. हवा जात नसेल तर त्यालाच बूच समजा आणि मुक्कामावर काढा. काढल्यावर भोक खाली करून चाक फिरवा, म्हणजे सीलंट तिथे जमेल.

ट्यूबवाल्यांनी किमान चार ट्यूब न्याव्यात. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा सगळीकडे फिरवा. काट्याचं टोक बोटाला लागत नाही, डोळ्याला दिसत नाही, पण कापसाचा धागा तिथे बरोबर अडकतो. हे न करता नवी ट्यूब टाकली की पाच मिनिटांत ती पण गेली. माझ्या सहांपैकी तीन पंक्चर एकाच काट्याचे होते.

वाटेत सायकल कधीही आडवी टाकू नका आणि कडेच्या गवतात घालू नका. थांबलात की वाटेवरच थांबा. संध्याकाळी मुक्कामावर मात्र आपलं कोल्हापुरी पायताण भाव खाऊन जातं. त्याचा जाड चामड्याचा तळवा सराट्याला दाद देत नाही. रबरी सपातावाले दर दहा पावलांना एका पायावर उभे असतात.

पाणी आणि पोट

इथे घाम निथळतो, म्हणून तहान कळते. तिकडे घाम अंगावर येताच वाळतो. शर्टावर पांढरी नक्षी उमटेपर्यंत किती पाणी गेलं ते लक्षातच येत नाही. हिवाळ्यातही दिवसाला चार-पाच लिटर धरा, त्यातलं दोन-तीन सायकलवर आणि पाठीवर. दर पंधरा मिनिटांनी दोन घोट, तहान लागो न लागो. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर मिठाचं प्रमाण बिघडतं, डोकं दुखतं, मळमळतं. ओआरएसची पाकिटं न्या. संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. गावातल्या हातपंपाचं पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ असतं, फ्लोराइडही असतं. गाडीतलंच प्या.

सोबत न्यायला गुळ-शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खजूर. थोडं भडंग न्या, दुपारनंतर गोडाचा वीट आला की खारं-तिखट पोटात जातं. आमच्यातल्या एकानं निघायच्या रात्री "आता आठ दिवस न्हाय मिळायचा" म्हणून तांबडा रस्सा वाट्यांवर वाट्या ओढला आणि पहिला दिवस गाडीतच बसून काढला. तिकडे बाजरीची भाकरी, केर-सांगरीची भाजी, ताक. पोटाला उत्तम. ही सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजेच आपली शमी. दसरा चौकात दसऱ्याला जिचं पूजन होतं तीच. तिकडे तिची फांदी शेकोटीला तोडू नका, सायकल टेकवतानाही जपा. ओरण लागलं तर तर मुळीच नाही. ओरण म्हणजे तिकडची देवराई, नियमही आपल्यासारखेच.

सामान आणि प्रवास

लांब बाह्यांचा पातळ शर्ट, पॅडेड शॉर्ट, पूर्ण बोटांचे हातमोजे, बंद चष्मा, आणि नाका-तोंडावर ओढायला सुती पंचा. रात्रीला जाड स्वेटर आणि कानटोपी. "वाळवंटात कसली थंडी" म्हणणारे पहाटे गाईडच्या चुलीला चिकटलेले असतात. सकाळी बूट घालण्याआधी उलटे करून आपटा, विंचू उबेला शिरतो. बाकी सुटा हँगर, ब्रेक पॅड, चेनची जोडकडी, ट्यूब, पंप, हवा-मापक आणि कापूस.

कोल्हापुरातून थेट जैसलमेर नाही. मुंबई किंवा अहमदाबाद गाठून पुढे रेल्वेनं, नाहीतर विमानानं जोधपूरला जाऊन तिथून रस्त्यानं साधारण पावणेतीनशे किलोमीटर. सायकल न्यायची तर दुकानातून नव्या सायकलचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका मागून घ्या. विमानात पॉवर बँक आणि दिव्यांच्या बॅटऱ्या हातातल्या पिशवीत ठेवा. टायरमध्ये हवा भरायच्या गॅसच्या नळ्या घरीच राहू द्यात.

एक गोष्ट मात्र चुकूनही नेऊ नका: सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावर चालणारं संदेशयंत्र. परदेशी व्हिडिओंत प्रत्येकाच्या सॅकला ते लटकलेलं दिसतं, पण भारतात परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे, आणि जैसलमेर तर सीमेवरचा जिल्हा. ड्रोनही नेऊ नका.

वाटेवर

सूर्य डिसेंबरात तिकडे साडेसातच्या सुमारास उगवतो, सहाच्या आत मावळतो. आपल्यापेक्षा दिवस लहान. म्हणून गाईड आठला निघू म्हणाला की आठला निघायचं, चहाचा दुसरा कप नाही.

गाईडच्या पुढे जायचं नाही. तुमचा दम कितीही मोठा असू दे. त्याला कुठली वाट कुठल्या ढाणीला जाते ते माहीत असतं. ढाणी म्हणजे चार-दोन झोपड्यांची वस्ती. तिथली मेंढरांची कुत्री सायकल पाहून पिसाळतात. पळायचं नाही. उतरायचं, सायकल मध्ये ठेवायची आणि हळू चालत राहायचं. कुत्रं कंटाळतं. उंट समोरून आला तर थांबून त्याला वाट द्या, घंटी वाजवू नका.

डेझर्ट नॅशनल पार्क ३,१६२ चौरस किलोमीटरचं आहे आणि त्यात माळढोक आहे. तिकडे त्याला गोडावण म्हणतात, राजस्थानचा तो राज्यपक्षी. आपल्या सोलापूरजवळचं नान्नजचं अभयारण्य याच पक्ष्यासाठी केलेलं, आणि आता आपल्याकडे तो दिसणं दुरापास्त झालंय. तिथे परवानगी असलेल्या वाटेवरूनच जायचं, आणि दिसलाच तर लांबूनच बघायचं. सीमेकडच्या आणि लष्कराच्या सरावाच्या भागात गाईड नको म्हणाला तर वाद घालू नका. वाळूत पडलेलं कुठलंही लोखंड आठवण म्हणून उचलू नका.

कचरा परत आणायचा. वाळूत पुरलेली पाकिटं पुढच्या आंधीत पुन्हा वर येतात.

आणि थकलात तर गाडीत बसा. तिसऱ्या दिवशी आमच्यातला सगळ्यात तगडा गडी, तालमीतला, वाळूशी झटून-झटून पायांत गोळे आल्यावर गाडीत चढला. पन्नाशीच्या एक काकू, शाळेतल्या शिक्षिका, हलक्या गिअरवर गुणगुणत मुक्कामावर पोचल्या. त्याला पाणी देताना म्हणाल्या, "बाळा, एवढं मारामारी केल्यासारखं चालवतोस कशाला?" तो काहीच बोलला नाही. चौथ्या दिवशी मात्र त्यांच्या मागे-मागे, त्यांच्याच गिअरवर चालला.

परत आल्यावर

आपली सायकल नेली असेल तर दारात उलटी करून आधी कोरडीच झाडा, मग कमी जोराच्या पाण्यानं धुवा. सर्व्हिसिंगचा फवारा मारला की वाळू बेअरिंगच्या आत जाते. सीटपोस्ट काढून नळी उलटी करा, मूठभर वाळू निघेल. पेडलच्या दांड्याची खालची बेअरिंग आणि हँडलचे हेडसेट दुकानात उघडून नवं ग्रीस भरून घ्या, आणि सस्पेन्शनच्या दांड्यांवरच्या रबरी कडांत अडकलेली बारीक धूळ मऊ फडक्यानं काढा. टायर, मोजे आणि सॅकमधून निघालेले काटे कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. अंगणात झाडू नका. मी झाडले होते. पुढच्या जूनमध्ये तुळशीकट्ट्याशेजारी सराट्याची वेल आली आणि आईनं चप्पल दाखवत विचारलं, "हे कुठनं आणलंस?"